शेजारचं ताट

"राँग," मॅडम म्हणाल्या. "खाली बस."

मी मागच्या मोरीत कुकर घासत होते. पुढच्या हॉलमध्ये मॅडमचा इंग्रजीचा क्लास चालतो. मधे एक खिडकी. हात माझे राखेत असले, तरी कान तिकडेच असायचे, कारण पंधरा पोरांत माझी नात बसायची. सुजाता. सहावीतली. मी चौदा वर्षं त्या घरात भांडी घासली, म्हणून तिला मॅडमनी फुकट घेतलं होतं. हे त्या महिन्यातून एकदा तरी सांगायच्या.

त्या दिवशी शब्द होता नेबर. मॅडमनी फळ्यावर लिहिला. नेबर म्हणजे शेजारी. ज्याच्या घरी आपण किल्ली ठेवतो तो. अडीनडीला धावून येतो तो. दिवाळीला ज्याच्याकडे फराळाचं ताट जातं आणि ज्याच्याकडून भरून परत येतं तो. मॅडम शिकवतात छान. मला मोरीत बसून समजलं.

मग म्हणाल्या, एकेकानं वाक्य करा. कुणी पाटील काकांचं केलं, कुणी जोशी काकूंचं. माझी सुजाता उभी राहिली. आवाज मोठा काढला तिनं.

"मॅडम इज अवर नेबर."

पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वाक्य बरोबर आहे, वापर चुकीचा आहे. नेबर म्हणजे आपल्या कॉलनीतला माणूस. तुम्ही मागच्या वस्तीत राहता ना? तू लिही, माझी आजी मॅडमच्या घरी काम करते."

मागून एक पोरगा बोलला, "मॅडम, तिची आजी मोरीत आहे." पुन्हा हसू.

वहीवर लाल फुली पडली. मी कुकर घासत राहिले. आधीच घासलेला होता.

आता भिंतीचं सांगते. जळगावात मॅडमची कॉलनी नंतर आली, आमची वस्ती आधीपासून. त्यांच्या मागच्या कंपाउंडची भिंत तीच आमच्या घराची मागची भिंत. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मी माझ्या चुलीपाशी बसून मोजते. आमच्याकडे बोंबील भाजले की त्या खिडकी लावतात. याहून जवळ कोण राहतं त्यांच्या?

दोन वर्षांपूर्वी सर, म्हणजे मॅडमचे मिस्टर, न्हाणीत पडले. भर दुपार. कॉलनीतले सगळे कूलर लावून दारं बंद करून झोपलेले. मॅडमनी कुठं तोंड करून हाक मारली? भिंतीकडे. "अक्का! अक्का गं!" माझा मुलगा तेव्हा डाळमिलमधून नुकताच आला होता. पत्र्यावर चढून भिंतीपलीकडे उडी मारून गेला. मी फिरून मागच्या दारानं गेले. आम्ही दोघांनी सरांना उचलून रिक्षात घातलं. सर वाचले. त्या दिवशी आम्ही कोणत्या वस्तीत राहतो, कुणी विचारलं नाही.

आणि दिवाळीची ताटं. ती मीच पुसायचे, त्यांवर विणलेले रुमाल मीच घालायचे. ताटं कॉलनीत जायची. परत येताना त्यांत काहीतरी असायचंच. काही नाही तर चिमूटभर साखर. रिकामं ताट कुणी देत नाही. मला फराळ प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळायचा. मी म्हणायचे, बरं आहे, न्यायला सोपं. चौदा वर्षं मी हेच म्हणत आले. पिशवी परत द्यावी लागत नाही. परत द्यायला भांडंच नाही, तर माझ्या घरचं त्यांच्या घरात येणार कसं? एवढी साधी गोष्ट. माझ्या डोक्यात शिरायला पोरीच्या वहीवर फुली पडावी लागली.

घरी पोरगी रबरानं फुली खोडत बसली होती. लाल पेन खोडलं जात नाही. कागद फाटला.

"मोठीमाय, मन्हं वाक्य खरंच चुकनं का?" तिनं मला विचारलं.

मी चौथी शिकलेली. इंग्रजीतलं मला काय कळणार? मी म्हटलं, तुझी डिक्शनरी काढ. तिनं शब्द शोधला. पुढचं मराठी मी बोट ठेवून, जोडाक्षरं जुळवत वाचलं. शेजारी. जवळ राहणारा माणूस. मी पुन्हा वाचलं. कॉलनीचं काही लिहिलेलं नव्हतं. वस्तीचं नव्हतं. जातीचं नव्हतं.

"बठ्ठं बरोबर शे तुन्हं," मी म्हटलं. एकूण एक शब्द बरोबर.

"मग मॅडमले दाखाडू?"

"तू नको. मी दाखाडस."

पंधरा दिवसांनी जयंती आली. वस्तीत निळे झेंडे लागले. मी खापरावर पुरणाच्या पोळ्या केल्या. स्टीलचं ताट काढलं. त्यावर माझ्या नवऱ्याचं नाव कोरलेलं आहे. चार पोळ्या, वाटीत तूप, वर धुतलेला रुमाल. आणि रस्त्यानं वळसा घालून मॅडमच्या पुढच्या फाटकातून गेले. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

"अगं अक्का, मागून यायचं ना."

"कामाला नाही आले, मॅडम. जयंतीचं ताट आणलंय. शेजारी म्हणून."

त्यांनी ताटाकडे पाहिलं. हात पुढे केला नाही. "ठेव तिथं," म्हणाल्या. तिथं म्हणजे चपलांच्या रॅकवर.

मी ठेवलं. तेव्हाच उचलून परत यायला हवं होतं. नाही आले. मला वाटलं, पाहू.

दुसऱ्या दिवशी कामाला गेले. मोरीत खरकट्या भांड्यांचा ढीग. त्यात माझं ताट. बाजूला गाईच्या बादलीत चार पोळ्या, होत्या तशा, घडी न मोडलेल्या.

मी खाली बसले. फक्त माझं ताट आणि वाटी घासली. पदरानं पुसली. बाकीच्या ढिगाला हात लावला नाही. ताट घेऊन हॉलमध्ये गेले.

"मॅडम, शेजारचं ताट रिकामं देत नाहीत. तुम्हीच शिकवलं."

"अक्का, डोकं फिरलं का तुझं? एवढं काय मनाला लावून घेते? पोरीच्या क्लासचा तरी विचार कर."

विचार केला होता. एक रात्र नाही, फुली पडल्यापासून रोज केला होता. मी पुढच्या दारानं बाहेर पडले.

पोरीचा क्लास सुटला. ती रडली, आणि मला तिची समजूत काढता आली नाही. आता शाळेतही ती हात वर करत नाही. उत्तर येत असलं तरी. ते मला डाचतं, आणि ते मी माफ करणार नाही. रोज संध्याकाळी मी तिच्याशेजारी डिक्शनरी धरून बसते. एक शब्द ती वाचते, त्याचं मराठी मी वाचते. फाटलेल्या पानावर तिनं कागद चिकटवला. त्यावर तेच वाक्य पुन्हा लिहायला लावलं मी तिला. पेननं.

भिंत तिथंच आहे. शिट्ट्या ऐकू येतात. सर अजून काठी धरून चालतात. एखाद्या दुपारी पुन्हा हाक येईल. मी जाईन. माणूस पडल्यावर मी वस्ती विचारणार नाही.

पण पुढच्या फाटकानं जाईन. आणि ते आतून त्यांना उघडावं लागेल.