नवव्या पानापासून पुढे

आरोग्य संशोधनाच्या कचेरीत त्याला सगळे ‘सरासरी’ म्हणत. नऊ वर्षं आकडेमोड करून माणूसही तसाच झालेला. बोलणं बेताचं, खाणं बेताचं, रागही बेताचाच. घरी वहिनीनं त्यापुढे ‘भाऊजी’ जोडलं, एवढाच फरक.

एकदाच काय त्या टाळ्या त्याच्या वाट्याला आल्या. मूल हवं असलेल्या सहाशे बायकांना कचेरीनं वह्या दिल्या होत्या. महिन्याला एक पान. दिवस गेले तर ‘हो’, नाहीतर ‘नाही’. दीडशे जणींनी वही मध्येच टाकली. त्यांच्यासाठी सरासरीनं रीत बसवली: वही सोडून गेलेलीचं नशीब लिहीत राहिलेलीसारखंच धरायचं. उत्तर आलं, शंभरात नव्वद जणींना वर्षाच्या आत दिवस जातात. दवाखान्यांत तसा फलक लागायचा होता.

त्या दिवशी जेवताना दादानं पाठ थोपटली. वाढता वाढता वहिनीनं विचारलं, वही टाकणाऱ्यांचं काय केलंत? सरासरी फुशारला. घास हातात धरून त्यानं आपली रीत समजावली.

“गेलेली बाई राहिलेलीसारखी असती, तर गेली कशाला असती, भाऊजी?”

तो हसला. ती हसली नाही.

“आठ पानं ‘नाही’ लिहिलं मी. नवव्याला पेन उचलेना.”

दादानं ताटावरून मान वर केली नाही. तिच्याच हातचं खाऊन आपण तिला खुशाल नव्वदांत बसवलं, हे कळल्यावर सरासरीनं हातातला घास ताटात परत ठेवला.

सकाळी त्यानं संचालकबाईंना फलक थांबवायला सांगितलं. तो तर रंगवून तयार होता. कारण सगळ्यांसमोर द्यावं लागलं: ज्या आशा सोडून गेल्या, त्यांना मी आशेवरच्यांत मोजलं. आज सरासरी सरासरीबाहेर गेला, असं कुणी म्हणालं आणि हशा पिकला. त्याचे कान तापले.

मग कचेरीतल्या परिचारिकेनं वही टाकलेल्यांना गाठून दिवस गेले का ते विचारलं, त्यावरून त्यानं रीत नव्यानं बांधली. उत्तर खाली आलं. शोधनिबंधाच्या पहिल्याच ओळीत त्यानं स्वतःची चूक लिहिली आणि रात्री जेवणं होताच तो वहिनीपुढे ठेवला.

“अठ्ठ्याहत्तर,” तिनं वाचलं. “म्हणजे बावीस जणी उरल्या. बऱ्याच आहोत की आम्ही.”

माफीचं वाक्य तो वाटभर घोकत आला होता. ते न म्हणताच त्यानं खाली मान घालून आपलं ताट उचललं, मग तिचंही उचललं, आणि मोरीवर जाऊन घासत बसला.