जाऊबाईंनी बंद केलेली गाडी

माझ्या थोरल्या जाऊबाई डायलिसिस केंद्रात समाजसेविका आहेत. दुसऱ्याची अडचण दिसली की यांचा पदर खोचलेला. केंद्रासमोर बस थांबत नसे. थांबा पार उड्डाणपुलापलीकडे. डायलिसिस झालेली माणसं पाय ओढत तिथवर जायची. जाऊबाईंनी एका शाळेच्या हात धुऊन मागे लागून त्यांची व्हॅन मिळवली आणि थांब्यापर्यंत रुग्णांची ने-आण सुरू केली. त्यात आमच्या सासूबाईही होत्या.

पुढे जाऊबाई केंद्रासमोर थांबा मागायला बसच्या कचेरीत गेल्या. साहेब म्हणाले, "बाई, कुणाची तक्रारच नाही. सगळे व्यवस्थित पोचतात की."

घरी आल्या त्या धुमसतच. भाजी चिरताना म्हणाल्या, "चूक माझीच. मी गाडी लावली आणि साहेबांना झोप लागली. आता गाडी बंद."

"आणि आईंचं काय?" माझा आवाज चढला.

"त्यांनाच विचार."

सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "मी चालणार. आम्हा सगळ्या पेशंटांचं ठरलंय."

आईंना काही झालं असतं, तर घरी आणि कामावर, दोन्हीकडे जाऊबाईंना तोंड दाखवायला जागा उरली नसती.

ठरल्या दिवशी हाताला पट्ट्या बांधलेली सगळी मंडळी पुलावरून निघाली. सोबत नर्स आणि मी, मागे हळूहळू रिकामी व्हॅन. जाऊबाईंनी साहेबांनाही गोड बोलून चालायला आणलं होतं. पुलाच्या मध्यावर आई मटकन खाली बसल्या. नर्सनं नाडी धरली. रांग थांबली, मागे बसगाड्या तुंबल्या.

साहेबांना घाम फुटला. "अहो, यांच्यासाठी गाडी नव्हती का?"

"होती," जाऊबाई म्हणाल्या. "म्हणून तर ही माणसं तुम्हाला दिसली नाहीत."

आई पाणी प्यायल्या, व्हॅनकडे पाहून त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि माझा हात धरून उठल्या. "चला साहेब, आता उतारच आहे."

महिनाभरात केंद्राच्या फाटकासमोर थांब्याचा खांब उभा राहिला. पहिल्या दिवशी आम्ही तिघी बसनं गेलो. सुनांचं कौतुक करायची आमच्या सासूबाईंना सवय नाही. माझ्या वरणाला त्यांनी आजवर बरं म्हटलेलं नाही. त्या दिवशी मात्र उतरताना दांडा धरून थांबल्या आणि कंडक्टरला, खरं तर अख्ख्या बसला, म्हणाल्या, "हा थांबा आमच्या थोरलीनं आणलाय."

धाकटीची ओळख करून द्यायची राहूनच गेली. मला त्याचं काहीच वाटलं नाही. मीही मागे वळून सांगितलं, "माझी जाऊ आहे."