वन्सं आणि फ्रीजपुढची उदबत्ती

आमच्या थोरल्या वन्संइतकं बायकांच्या पोटातलं राजकारण उभ्या राहुरी तालुक्यात कुणाला कळत नसेल. आणि कळत असलं, तरी चारचौघांत इतक्या हौसेनं कुणी सांगत नसेल. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची मोठी बहीण. जन्मभर मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. नोकरी संपली, पण शिकवणं काही संपलं नाही. एसटीत शेजारी एखादी नवी नवरी येऊन बसली, की नगर येईपर्यंत तिला मेंदूपासून बीजकोशापर्यंत सगळा प्रवास घडतो आणि पुढच्या बाकावरचे आजोबा टोपी डोळ्यांवर ओढून झोपेचं सोंग घेतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण म्हणून डबे-वाट्या देतात. वन्संनी एका वर्षी थर्मामीटर वाटले. "सकाळी उठल्याउठल्या लावायचा. अंडं सुटून गेलं की अंग इवलंसं गरम लागतं," असं प्रत्येकीला कुंकू लावता लावता बजावलं. बायांनी ते पोरांच्या तापालाच वापरले.

गेल्या दिवाळीत तर त्यांनी आमच्या अंगणात रांगोळीचा आलेखच काढला. गुलाबी रेघ इस्ट्रोजेनची, ती हळूहळू चढत जाणारी. हिरवी रेघ एलएचची, म्हणजे अंडं सुटायचा हुकूम देणाऱ्या संप्रेरकाची, बराच वेळ आडवी पडून राहून मधेच एकदम उभी झालेली. शेजारची म्हातारी कौतुकानं म्हणाली, "बाई, कळसूबाईचा डोंगुर लई झ्याक जमलाय!" वन्संनी तिला तिथंच पायरीवर बसवलं. त्यांचं म्हणणं असं, की मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती बीजकोशाला निरोप धाडते आणि अंडं वाढायला लागतं. वाढता वाढता त्याच्याभोवतालची पिशवी इस्ट्रोजेन सोडते. एरवी इस्ट्रोजेन वाढलं की मेंदू आपला हात आखडता घेतो. पण अंडं पुरतं पिकलं आणि इस्ट्रोजेन चांगलं चढून काही काळ तसंच टिकलं, की तोच मेंदू उलटा वागतो आणि एलएचचा लोंढा सोडून देतो. मग पिशवी फुटते, अंडं बाहेर पडतं. "म्हणजे हुकूम मेंदूचा असला, तरी वेळ झाली हे खालूनच कळवावं लागतं," वन्सं म्हणाल्या. म्हातारी म्हणाली, "आन् आमी सहा बाळंतपनं आंधळ्यावानी केली म्हना की!"

त्या दिवशी सगळे हसले. आमची सून मनीषा तेवढी हसली नाही. ती अकोले तालुक्यातली, डोंगरातली, कामाला वाघीण. लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता, आणि बारशाचं आमंत्रण आलं की ती डोकं दुखण्याचं निमित्त करायची. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तिची अंडी अर्धवट वाढून थांबतात, त्यामुळे तो लोंढा येतच नाही. आधी वाढीच्या गोळ्या, मग एलएचचं काम करणारं एक इंजेक्शन, असं ठरलं. ते इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवायचं आणि सांगितलेल्या दिवशी संध्याकाळी गावातल्या नर्सबाईंकडून टोचून घ्यायचं. मला आतून फार भीती वाटत होती. पोरीला अजून एकदा रडताना बघायची माझी ताकद उरली नव्हती.

इंजेक्शनच्या दिवशी सकाळीच वन्सं आल्या आणि चप्पल काढून थेट फ्रीजकडे गेल्या. इंजेक्शन जागेवर नाही! शोधता शोधता ते सापडलं देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकापुढं, हळदीकुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल आणि शेजारी तेवता दिवा. आमच्या यजमानांनी ते आदल्या संध्याकाळीच तिथं नेऊन ठेवलं होतं. बाहेर चैत्राचं ऊन. "अक्का, मला वाटलं देवापुढं ठिवलं तर जास्त लागू पडंल," ते अपराधी चेहऱ्यानं म्हणाले. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतलं जाणार. पण वन्सं भावाकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "अरे, फ्रीजला उदबत्ती लावायचीस ना!" आणि दुधाची किटली बर्फानं भरून, शेजाऱ्यांच्या टेम्पोत बसून, भर उन्हात नगरहून दुसरं इंजेक्शन घेऊन आल्या. ते फ्रीजमध्ये ठेवून त्यांनी खरंच फ्रीजच्या दारापुढं उदबत्ती लावली. कुठल्याही देवाला कधी नमस्कार न करणाऱ्या बाईनं! मनीषाला मात्र हसू आवरेना. इंजेक्शन वेळेवर झालं.

पुढं दिवस सरत गेले. घरात सगळे मनीषाच्या चेहऱ्याकडे बघून चहा पीत होते. आणि एका सकाळी मनीषा न्हाणीघरातून बाहेर आली, ती डोळे सुजवूनच.

मी वन्संना फोन केला. त्या आल्या. मला वाटलं, आता हे का झालं ते सविस्तर सांगतील. त्यांनी तेलाची वाटी मागितली, मनीषाला पुढ्यात बसवलं आणि तिच्या डोक्याला तेल लावत राहिल्या. मग तिनंच विचारलं, "आत्या, ह्या खेपंचं झालं न्हाई, हे मेंदूला कळलं असंल का वो?"

"कळलं गं बाई," वन्सं म्हणाल्या. "तुझ्या आधी कळलं. तू रडत होतीस ना सकाळी, तेव्हा त्यानं पुढच्या अंड्याला निरोप धाडलासुद्धा."

मनीषानं डोळे पुसले आणि डोकं वन्संच्या गुडघ्यावर टेकवलं.