पेजेवरचं बाळसं

सातवीच्या वर्गाला मी विज्ञान शिकवायचे. पिष्टमय पदार्थ ताकद देतात, प्रथिनं अंग घडवतात, झीज भरून काढतात. भात-पोळी एका रकान्यात. डाळ, अंडी, मासे दुसऱ्यात. फळ्यावर हे इतक्यांदा लिहिलं होतं की डोळे मिटूनही लिहिलं असतं. मिटूनच लिहीत होते म्हणा ना.

ऐंशी-ब्याऐंशीचा सुमार असेल. माझ्या दीड वर्षाच्या मुलीला गोवर आला, जुलाबही लागले. वाकोल्याच्या आमच्या एका खोलीत देवधर्माचं सगळं सासूबाई बघायच्या. त्यांनी लगेच गावच्या देवीला गाऱ्हाणं घातलं, "चेडवाक बरा कर, तुझी ओटी भरूक तिका घेवन येतंव." ओटी भरेपर्यंत मुलीच्या तोंडी मासे नाहीत, अंडं नाही. डाळ उष्ण पडते, दूध जुलाबांवर बाधतं. उरली पेज. उकड्या तांदळाची, मीठ घातलेली, मऊ पेज. गोवर आठवड्यात गेला, पण गावी जायला नवऱ्याला रजा मिळेना आणि ओटीशिवाय पथ्य सुटेना. एक महिना गेला, दोन गेले, चार गेले. मीही गप्प राहिले. देवीच्या वाटेला कोण जाईल?

आणि मुलगी दिसत होती छान! गाल वर आले, पावलं गुबगुबीत झाली. "चेडवान बाळसा धरल्यान गो," म्हणत सासूबाई कानशिलावर बोटं मोडायच्या. मलाही ते खरं वाटलं. ती रडत नव्हती, खेळत नव्हती, बसवलं तिथे बसून राहायची. मी मेली त्याला शहाणपण म्हणत होते.

लस द्यायला दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिच्या पावलावर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरून येईना.

"खायला काय देता?"

मी सांगितलं.

"तुम्ही काय करता?"

तेही सांगितलं. त्या इस्पितळाची चिठ्ठी लिहायला लागल्या. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. धड्यात त्या आजाराचं नाव होतं, सुजवटी, प्रथिनं मिळाली नाहीत की अंगावर चढणारी सूज. मुलांकडून पाठ करून घेतलं होतं मी.

इस्पितळात दाखल केलं. आता डॉक्टरांकडून सगळं द्यायची मुभा होती, तर पोर तोंडच उघडेना. चमचा ओठाला लागला की मान फिरवायची. दूध हनुवटीवरून ओघळून जायचं. मी विनवलं, दटावलं, एकदा तर तिचं नाक दाबून धरलं. त्याची लाज अजून वाटते.

तिसऱ्या दिवशी सासूबाई डबा घेऊन आल्या. बिनतिखटाचा उकडलेला बांगडा, एकेक काटा काढून चुरलेला. "पाप लागला तर माका लागांदे. तू भरव," म्हणाल्या. मुलीने तोंड फिरवलं. सासूबाई तिथेच खाटेजवळ खाली बसल्या आणि पदर तोंडात कोंबून रडल्या. शेवटी डॉक्टर नाकातून नळी घालून दूध द्यायला लागले.

आठवड्याने नर्सने वजन केलं. आणलं होतं तेव्हापेक्षा कमी भरलं. काही म्हणजे काही उरलं नाही असं वाटलं.

"अहो बाई, सूज उतरली ना, म्हणून कमी," नर्स म्हणाली. "आता वाचेल तुमची पोर."

मी झबलं वर केलं. बरगड्या मोजता येत होत्या, मांड्यांची कातडी लोंबत होती. चार महिने मी हिलाच कडेवर घेऊन फिरत होते.