माझ्या डोक्याचं इन्स्पेक्शन

आप्पांच्या उजव्या अंगठ्याचं नख त्यांच्या डोळ्यांपेक्षा जास्त पाहायचं. ग्राइंडिंग होऊन आलेल्या शाफ्टवरून ते नख अलगद फिरवायचे, आणि जिथं आम्हाला भिंगातूनही काही दिसायचं नाही तिथं थांबून म्हणायचे, "हितं खरवड हाय." मग लाल रंगाचा ब्रश. आप्पा आमच्या शॉपचे इन्स्पेक्टर. पिंपरीच्या त्या कारखान्यात लोक त्यांच्या लाल ब्रशाला जेवढे भ्यायचे तेवढे मॅनेजरलाही भीत नसत.

हे नख शॉपपुरतं राहिलं असतं तर गोष्ट वेगळी. ते कॅन्टीनच्या ताटाच्या काठावरून फिरायचं, कुणाच्या नव्या सायकलच्या रिमवरून फिरायचं. एकदा फोरमननं मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली, तर आधी तिच्या कडेवरून नख फिरलं. "कटिंग तिरपं हाय," आप्पा म्हणाले. पत्रिका व्याह्यांनी छापून आणली होती, त्यामुळे फोरमनला उलट आनंदच झाला आणि त्यानं ते वाक्य दिवसभर सगळ्या खात्यांत सांगितलं.

आप्पा कुरुळीचे. कारखान्याच्या शेड उभ्या राहत होत्या तेव्हा ते पाया खणायला आले आणि आतच राहिले. शाळा चौथीपर्यंत. पण मायक्रोमीटर हातात आला तसा त्यांनी तो असा वाचला, की डिप्लोमावाले त्यांना विचारून आकडे लिहू लागले. रोज कुरुळीहून सायकलवर यायचे आणि डोक्यावर टोपी कायम. टोपी काढली की वर सगळं गुळगुळीत, आणि कानापासून कानापर्यंत मात्र घोंगडीच्या काठासारखी दाट काळी झालर. "पंचविशीत गेलं ते गेलं," ते म्हणायचे. "तवापास्नं येक केस हालला न्हाई. सेटिंग फिक्स हाय."

त्यांचा कायदा एका वाक्याचा होता : "पास म्हंजे पास. चालंल म्हंजे नापास." मालात बारीकसा दोष असला, पण कामाला धक्का पोचत नसला, तर तसा कागद करायचा, घेणाऱ्याची त्यावर सही आणायची आणि माल पाठवून द्यायचा, अशी एक सोय कारखान्यात होती. त्या कागदाला कन्सेशन स्लिप म्हणत. इतर इन्स्पेक्टर अशा स्लिपा बसच्या तिकिटांसारख्या फाडायचे. आप्पांच्या खणातलं पुस्तक बारा वर्षं कोरं होतं. फोरमननं गळ घातली, मॅनेजरनं दम दिला, एकदा दिवाळीच्या तोंडावर दोघांनी मिळून हात जोडले, तरी पहिलं पान जागचं हललं नाही.

अशा माणसाच्या तावडीत मी चोविसाव्या वर्षी सापडलो. मी ग्राइंडिंग मशीनवर होतो आणि माझं डोकं झपाट्यानं मोकळं होत होतं. यात नवल काही नव्हतं. माझे वडील, दोन काका, एक मामा आणि दोन्ही आजोबा, सगळ्यांचा डोक्यावरचा कारभार आटोपलेला. आमच्या घराण्याचे फोटो भिंतीवर लावले की खोलीत उजेड वाढायचा.

त्यात माझं लग्न ठरलं. मुलगी तळेगावची, सुलभा नाव, शाळेत शिक्षिका. पाहायला गेलो ते भर मे महिन्यात. डाव्या कानावरचे केस वाढवून, खोबरेल तेलानं चोपून मी ते उजव्या कानापर्यंत नेले होते, आणि हे सगळं बांधकाम नेमकं छताच्या पंख्याखाली येऊन बसलं. पंखा सुरू होताच मी ओरडलो, "बंद करा! मला पंखा सोसत नाही!" सगळे उकडून निघाले. तिच्या वडिलांच्या सदऱ्याला पाठीवर नकाशा उमटला. पण पोहे झाले, बोलणी झाली, होकार आला आणि दिवाळीनंतरची तारीख धरली.

होकार आल्यापासून माझी झोप उडाली. सुलभा मला मनापासून आवडली होती, आणि तिनं ज्याला होकार दिला तो माणूस दिवाळीपर्यंत टिकणार नव्हता. ग्राइंडिंग झालेला शाफ्ट आरशासारखा असतो. मी प्रत्येक शाफ्टमध्ये कपाळ बघू लागलो. शाफ्टमध्ये कपाळ लांबच लांब दिसतं, पार मानेपर्यंत गेल्यासारखं. तेवढ्यात मशीन आपलं काम करत राहायचं. एका शिफ्टमध्ये माझे सात शाफ्ट बारीक झाले. आप्पांनी सातही ओळीनं मांडले, सातांवर लाल पट्टा ओढला आणि मला टेबलाशी बोलावलं.

"मध्या, तू जुळवून काम करणारा गडी. हे काय झालं?"

मी खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढून त्यांच्यापुढं ठेवलं. मुंबईचे एक डॉक्टर डोक्याच्या मागचे केस मुळासकट काढून पुढं लावतात, असं त्यात छापलं होतं. आप्पांनी ते दोनदा वाचलं. कात्रणाच्या कडेवरून नख फिरवलं.

"म्हंजे भाताची लावणीच की रं!"

"मी रविवारी जाऊन तारीख घेणार आहे," मी म्हणालो. "तिला कळायच्या आत झालं पाहिजे."

"येकटा जाऊ नगंस. येवढं मोठं काम करून घ्यायचं आन् संगं इन्स्पेक्टर न्हाई?"

दवाखाना सोमवारी उघडा असतो असं कळलं, म्हणून आम्ही दोघांनी रजा टाकली. आप्पांची ती त्या वर्षातली पहिली रजा. अर्जावर कारण म्हणून त्यांनी लिहिलं : 'बाहेरगावी माल तपासणी.'

दवाखान्यात पाच-सहा माणसं रुमाल, टोपी, मफलर अशा वेगवेगळ्या झाकणांखाली बसली होती. आप्पांना राहवलं नाही. ते एकेकाजवळ सरकून चौकशी करू लागले आणि पंधरा मिनिटांत लोक आपापली झाकणं काढून त्यांना डोकी दाखवू लागले. एका गृहस्थांना वाटलं हेच डॉक्टर. त्यांनी विचारलं, "माझं होईल ना?" आप्पा म्हणाले, "मागं फिरा." ते फिरले.

खरे डॉक्टर निघाले ते स्वतःच टकले. आप्पांनी बसायच्या आधी विचारलं, "सायेब, मंग सोताचं का न्हाई केलं?"

मला भुईत जावंसं वाटलं. डॉक्टर मात्र खदखदून हसले. "मी माझ्याच तपासणीत नापास झालो. माझ्या मागं घेण्यासारखं काही नाही."

हे उत्तर आप्पांना इतकं पटलं की त्यांनी इन्स्पेक्शनची डायरी काढून पेन्सिल ओली केली. "रिजेक्ट कुनाकुनाला करता, ते सांगा."

डॉक्टरांनाही असा माणूस कधी भेटला नसावा. त्यांनी चहा मागवला आणि सांगितलं. कुणाला चाई पडलेली असते, गोल गोल चकत्या. तो आजार आहे, आधी त्याचं औषध. कुणाची जखम भरताना गाठ उठते. त्याला टोचायचं म्हणजे डोक्यावर मटार पेरायचे. कुणाचा मधुमेह आटोक्यात नसतो, कुणाचं रक्त लवकर थांबत नाही. "आणि काही लोक सोळाव्या वर्षीचा भांग परत मागतात. त्यांना मी दारातूनच नमस्कार करतो." आप्पा लिहीत होते आणि मध्ये मध्ये "वाजवी हाय" म्हणत होते.

मग डॉक्टरांनी माझं डोकं दिव्याखाली घेतलं. भिंगातून पुढं पाहिलं, मागं पाहिलं, कानामागं बराच वेळ पाहिलं. घरातल्या पुरुषांची माहिती विचारली. मी एकेक नाव घेत गेलो तसा त्यांचा चेहरा पडत गेला.

"तुमचं गळणं अजून थांबलेलं नाही," ते म्हणाले. "वय लहान आहे, आणि मागचे केसही विरळ होताहेत. आज मागचे काढून पुढं लावले, तर ते पुढचेही जातील किंवा चार वर्षांनी कपाळावर एक बेट उरेल आणि भोवती सगळं मैदान. मी तुम्हाला हात लावणार नाही."

"वाफ्यात रोपच न्हाई," आप्पा हळूच म्हणाले. "मंग खाचरात काय लावनार."

मला समोर दिसत होती ती सुलभा. डॉक्टरांची नजर तेवढ्यात आप्पांच्या टोपीखालच्या झालरीवर गेली. त्यांनी टोपी काढायला लावली, भिंग लावलं आणि एकदम खूश झाले. "वा! किती वर्षं असंच आहे? पंचवीस? आणि मागं हे एवढं दाट! आप्पा, तुमच्यासारखा माणूस मला महिन्यातून एखादाच मिळतो. तुम्ही पास!"

आयुष्यात दुसऱ्यानं पास केल्याची आप्पांना सवय नव्हती. ते क्षणभर गोंधळले. मग खुर्ची पुढं ओढून कामाचं बोलावं तसं म्हणाले, "मंग माजं काडा आन् ह्याच्या डोक्यावर लावा. समदं काडलं तरी चालंल. आमच्याकडं ह्या खात्यातला माल त्या खात्यात जातो की. ट्रान्सफरचा कागुद मी करतो."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी भिंग खाली ठेवलं. "आप्पा, एकाचे केस दुसऱ्याच्या डोक्यात धरत नाहीत. शरीर परका माल ओळखतं आणि बाहेर टाकतं."

"चांगला आसला तरी?"

"कितीही चांगला असला तरी."

आप्पांनी हातातली टोपी एकदा झटकली. "म्हंजे शरीराचं इन्स्पेक्शन आमच्याहून कडक," ते म्हणाले आणि टोपी घातली. ज्या माणसानं बारा वर्षांत कुणाला सुताएवढी सूट दिली नव्हती, तो माझ्यासाठी सगळी झालर उतरवायला बसला होता. परतीच्या गाडीत मी खिडकीकडं तोंड करून रडलो. त्यांनी शेंगदाण्याची पुडी घेतली आणि अर्धी माझ्या मांडीवर ओतली.

खंडाळ्याचा घाट चढेपर्यंत त्यांचा निकाल तयार होता. "दोष झाकून माल धाडायचा न्हाई, मध्या. त्या पोरीला सांगायचं."

"ती मोडेल, आप्पा."

"मोडू दे. पर बगून मोडू दे."

रविवारी आम्ही तळेगावला गेलो. सुलभाच्या घरी बैठकीत बसताच आप्पांनी मला पंख्याच्या बरोबर खाली सरकवलं आणि तिच्या वडिलांना म्हणाले, "पंखा फुल करा." माझं बांधकाम एका झटक्यात उखडलं. डावीकडचे सगळे केस ताठ उभे राहिले आणि ध्वजासारखे फडफडू लागले. तिचे वडील तोंडाचा आ करून बघत राहिले. दारात उभ्या असलेल्या सुलभानं पदर तोंडाला लावला. ती हसते आहे की रडते आहे, हे मला समजेना.

आप्पांनी खिशातून एक घडी काढली. मी ओळखली. त्या कोऱ्या पुस्तकाचं पहिलं पान.

"तुमी न्हाई," ते तिच्या वडिलांना म्हणाले. "माल ज्येला वापरायचा त्येची सही लागती." आणि स्लिप त्यांनी सुलभाच्या हातात दिली. पेन्सिलीच्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'मालाचे नाव : मधुकर. दोष : वरच्या अंगाला केस कमी. पुढे आणखी कमी होणार. दुरुस्ती : मुंबईत विचारली, होत नाही. कामावर परिणाम : काही नाही. बाकी सर्व मापे बरोबर, बारा वर्षे माल तपासतो आहे त्यावरून सांगतो.'

ती स्लिप घेऊन आत गेली. पंखा गरगरत होता. माझे केस फडफडत होते. आप्पा खुर्चीच्या हातावरून नख फिरवत होते, आणि मी पहिल्यांदाच पाहिलं, ते एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरत होतं.

सुलभा बाहेर आली आणि तिनं कागद मला न देता आप्पांना दिला. त्यांनी मोठ्यानं वाचलं : "मंजूर. भर मे महिन्यात पंखा बंद करायला लावला, तेव्हाच दोष पाहिला होता. होकार त्यानंतर दिला आहे." खाली सही.

आप्पांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "मध्या," ते म्हणाले, "ही तर माज्याहून वरची इन्स्पेक्टर निगाली." मग ते असे हसत सुटले, की खुर्ची सरकत सरकत भिंतीला लागली. पाठोपाठ सगळं घर हसलं. मी त्या पंख्याखाली बसून हसलो, आणि नंतर कितीतरी वर्षं पंखा दिसला की मला हसू यायचं.

ती स्लिप सुलभाकडं आहे. भांडण झालं की ती काढून 'बाकी सर्व मापे बरोबर' ही ओळ वाचून दाखवते आणि म्हणते, "इथं आप्पा चुकले." डॉक्टरांचा शब्द खरा ठरला. तिशीपर्यंत माझं वरचं सगळं गेलं, आणि कानामागं एक विरळ पट्टी तेवढी उरली.

आप्पा निवृत्त व्हायच्या आधीच गेले. आठ दिवसांचं दुखणं. दवाखान्यातल्या गादीच्या शिवणीवरून नख फिरवत होते, एवढं मला आठवतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. दहाव्याला पवनेच्या घाटावर त्यांचा पुतण्या आणि भावकीतली माणसं क्षौराला बसली, तसा मीही शर्ट काढून ओळीत बसलो. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी उठवलंही नाही.

न्हावी माझ्यापर्यंत आला आणि थबकला. "भाऊ, तुमचं काय काढू? वर तर काहीच न्हाई. मागं जरासं हाय, ते राहू द्या की. तेवढाच आधार."

"तेवढंच काढा," मी म्हणालो. "आप्पांनी एकदा मला त्यांचे सगळे देऊ केले होते."

त्याला काही उमगलं नाही. त्यानं नदीचं पाणी ओंजळीत घेतलं आणि माझ्या मानेवर चोळलं.