सोड म्हटल्याशिवाय

दोरभाऊंना सायकल चालवता येत नव्हती. मला सायकल शिकवली ती त्यांनीच. हे सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, माझ्या बोलण्यात काही राहून गेलं. काही राहिलेलं नाही. दोरभाऊ जन्मात कधी सायकलवर बसले नाहीत. नागभीडच्या बाजारात मासळी न्यायची तर खांद्यावर कावड आणि खाली दोन पाय, एवढंच त्यांचं वाहन.

आमचं गाव नागभीडपासून दोन कोसांवर. गावाला मोठा तलाव आणि तलावावर जगणारी, मासे धरणाऱ्या ढीवरांची वीस-पंचवीस घरं. तलावाच्या तळाशी जुन्या झाडांची खुंटं होती. जाळं खुंटात अडकलं की एक जण कमरेला दोर बांधून बुडी मारायचा आणि ते मोकळं करून आणायचा. त्या दोराचं दुसरं टोक पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, दोरभाऊंच्या हातात असे. दुसऱ्या कोणाच्या हातात असलं तर बुडी मारणारा कुरकुरायचा. म्हणून गावात त्यांचं खरं नाव कोणी घेत नव्हतं.

दोर हातात आला की त्यांची विडी विझलेली असे. कोणी हाक मारली तरी मान वळत नसे. एकदा जुन्या मालगुजाराचे, म्हणजे गावच्या जमीनदाराचे, दिवाणजी पाळीवर उभे राहून दहा हाका मारून गेले. दोरभाऊंनी बघितलंही नाही. दर दोन श्वासांनी ते फक्त ओरडायचे, "हावो!" म्हणजे मी आहे. पाण्यातला माणूस दम घ्यायला वर आला की पहिला शब्द त्याच्या कानावर तोच पडायचा. दोरच खाली खुंटात गुंतून ताणला तर पाण्यातला डोकं वर काढून ओरडायचा, "सोड!" त्याच क्षणी दोरभाऊ मूठ उघडत आणि सांगत, "सोडलो!" या तीन शब्दांपलीकडे त्या कामात बोलणं नव्हतं.

मी विचारलं होतं, सारखं हावो हावो कशाला ओरडता?

"दोर बोलत नाई ना बाई," ते म्हणाले, "म्हनून मानसाले बोला लागते."

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. बाबा गावच्या शाळेत मास्तर, आणि ती शाळा चौथीपर्यंत. माझी चौथी झाली होती. पाचवीसाठी नागभीडला जायचं. तिथे आमचं कोणी नव्हतं, आणि रोज पोचवायला-आणायला बाबांना शाळा सोडून जाता येत नव्हतं. त्यांनी कोणाची तरी जुनी सायकल आणली. मोठ्या माणसाची, मधे दांडा असलेली. म्हणाले, "शाळा उघडायच्या आत चालवायला शीक. एकटी जाऊ शकलीस तर नाव घालतो."

आणि नाही शिकले तर, हे आत्या बोलून दाखवायची. ती ब्रह्मपुरीहून उन्हाळ्यात आली होती. तिच्या घरी चार लहान मुलं होती आणि हाताखाली कोणी नव्हतं. "चौथी लई झाली पोरीले," ती म्हणायची. "सायकलीवर बसून का कलेक्टर होते का? माह्यासंगं चाल. खाऊन-पिऊन राहशील." ती दुष्ट नव्हती. दमलेली होती, आणि तिला मी हवी होते. पण तिच्या घरी गेलेली मुलगी शाळेत परत जात नाही, एवढं अकराव्या वर्षीही मला कळत होतं.

पहिल्या दिवशी बाबांनीच शिकवलं. दांड्याखालून पाय घालून कैची चालवायची, मागून बाबा सीट धरून पळत होते. "धरलंय, धरलंय," म्हणत होते. मी वळून पाहिलं तर बाबा वीस पावलं मागे उभे, हात कमरेवर, हसत. मी पाळीच्या दगडांवर हनुवटीवर पडले. तो वण अजून आहे. बाबांचं म्हणणं, तू न धरता चालवत होतीस! मला त्याचं काही कौतुक वाटलं नाही. त्यानंतर ते सायकल घेऊन आले की माझ्या हातांना घाम सुटायचा. हँडल हातातून निसटायचं. मी सायकलला हात लावीना.

बाबा चिडले. मग समजावू लागले. शेवटी म्हणाले, "मग धरायला कोण पाहिजे तुला?"

मी म्हटलं, "दोरभाऊ."

बाबा त्यांच्या दारात गेले तेव्हा मी मागे उभी होते. दोरभाऊ जाळं विणत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मले सायकल नाई येत, मास्तर. धराले येते."

"तेवढंच करायचं आहे. तोल आला की हळूच सोडून द्या. फक्त तिला सांगू नका."

"सांगतल्याबिगर सोडू?" दोरभाऊंनी जाळं खाली ठेवलं. "तसं नाई जमत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाळीवर गेलो. वर बैलगाडीपुरती वाट, एका अंगाला खोल पाणी, दुसऱ्या अंगाला पुरुषभर खाली धानाची बांधी, म्हणजे भातखाचर. दोरभाऊंनी ठरवून टाकलं, "पान्याच्या अंगानं मी." एक हात सीटवर ठेवून ते माझ्या बाजूने पळू लागले. हावो, हावो, हावो. माझे पाय फिरू लागले. सायकल सरळ जाऊ लागली. आणि मग मागून आवाज आला, "सोडलो!"

मी पडले. न सांगता सोडायचं नाही म्हणून ते सांगत, आणि सांगितलं की मी त्याच जागी पडे. चार दिवसांत गुडघे सोलून निघाले. आत्या हळद लावताना म्हणायची, "पोरगी लंगडी झाली तं बायको कोन करन इले?"

पाचव्या दिवशी मी पडल्यावर दोरभाऊंनी मला उठवलं नाही. पाळीवर बसले, विडी पेटवली आणि अर्धी ओढली. मग म्हणाले, "चुकी माही होऊन राह्यली, बाई."

"कशी?"

"सोडाचं मी काऊन ठरवतो? पान्यात कोन हाय? तू हायेस. सोड म्हनाचं काम पान्यातल्याचं. मी तं पाळीवरचा." त्यांनी विडी दगडावर विझवली. "आता तू सोड म्हनल्याबिगर मी सोडत नाई. जलमभर नाई."

मी म्हटलं, "बरं. सोडा म्हणेन."

"सोडा नाई. सोड. तिथी मानपान नाई चालत. तेवढा वखत नसते."

मला एकदम हलकं वाटलं, आणि तिथेच घोटाळा झाला. ते सोडणार नाहीत याची खात्री पटल्यावर मी सोड म्हणेच ना. रोज सकाळी पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत, मी सायकलवर आणि पन्नाशीचे दोरभाऊ बाजूने पळताहेत. हावो, हावो. सायकल उत्तम चालू लागली. दिवसामागून दिवस गेले. तो शब्द माझ्या जिभेवर यायचा आणि बाजूचं पाणी दिसलं की परत घशात जायचा. धान पेरायला निघालेली माणसं थांबून बघायची. एकाने विचारलं, "का जी दोरभाऊ, म्हातारपनी घोडा झाले का?" दोरभाऊंनी मान वळवली नाही. दोर हातात होता.

बाबा मात्र वैतागले. "जन्मभर पळणार का तिच्या मागे?"

"पळीन. पन नागभीडपावतर माहा दम नाई पुरनार."

"अहो, मग सोडा ना एकदा! तिला येतं आहे. तिला कळणारही नाही."

"ते पोरगी मले पुसते ना मास्तर, 'भाऊ, हाव का?' म्हनून. सोडलं असन तं मी का सांगू?"

शाळा उघडायला दोन दिवस उरले होते, आणि बाबांनी आत्याला शब्द देऊन टाकला. उद्या सकाळपर्यंत पोरगी एकटी चालवू शकली नाही तर ती तुझ्याबरोबर ब्रह्मपुरीला. आत्याने माझे कपडे तिच्या ट्रंकेत भरले. मी बघत होते. दोन परकर वर राहिले, ते तिने दाबून बसवले आणि कडी घातली.

सकाळी पाळीवर बाबा होते, आत्या होती. गाडीवान बैल जुंपून खाली थांबला होता. दोरभाऊंनी सीटवर हात ठेवला. "चाल, बाई."

पहिली फेरी गेली. मी बोलले नाही. आत्या मोठ्याने म्हणाली, "झालं ना आता?" बाबा जमिनीकडे बघत होते. दोरभाऊंनी सायकल वळवून दिली. त्यांची छाती भात्यासारखी हलत होती, पण ते एवढंच म्हणाले, "हावो."

दुसऱ्या फेरीत अर्धी पाळ गेली असेल. पाण्यात बसलेल्या म्हशी उठल्या आणि पाळीवर चढू लागल्या. पाच-सहा होत्या, सगळ्या दोरभाऊंच्या अंगाने. पुढची मोठी होती. तिची शिंगं वाटेवर आली. माझ्यापुरती वाट उरली होती. माझी आणि दोरभाऊंची दोघांची नव्हती. सायकल थांबवता मला येत नव्हती. त्यांना म्हैस दिसली होती, आणि त्यांचा हात सीटवर तसाच होता. "हावो," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "हावो." ते सोडणार नाहीत हे मला माहीत होतं. ते म्हशीच्या शिंगावर जातील, पण सोडणार नाहीत.

"सोड!" मी ओरडले.

"सोडलो!"

सीट हलकी झाली. मागे पाण्यात काहीतरी धपकन पडलं. म्हशीचा ओला श्वास माझ्या दंडाला लागला आणि मी पुढे निघून गेले. पायांना काय करायचं ते ठाऊक होतं. पाळ संपत आली तेव्हा लक्षात आलं की उतरायचं कसं हे मला कोणी शिकवलंच नाही.

"उतरू कशी?" मी ओरडले.

मागून, पाण्यातून, दोरभाऊंचा आवाज आला, "मले का मालूम!"

मी बोरीच्या झुडपात शिरले. काटे काढायला आत्याला दुपार झाली. काढता काढता तिने एकदाही ब्रह्मपुरीचं नाव घेतलं नाही. मग ट्रंकेतून माझे परकर काढून दोरीवर टाकले आणि गाडीत बसून गेली.

शाळेची सगळी वर्षं मी त्या सायकलवर नागभीडला गेले. बाजाराच्या दिवशी दोरभाऊ कावड घेऊन वाटेत भेटायचे. मी बाजूने पुढे जाताना "हावो!" म्हणायची, ते कावडीखालून "हावो!" म्हणायचे. थांबून गप्पा आम्ही कधी मारल्या नाहीत.

पुढे मी नर्स झाले. सुई टोचताना मी कोणाला "काही होत नाही" असं सांगत नाही. टोचते आहे, असं सांगते. नव्या मुलींना हे खटकतं. रोगी घाबरतो म्हणतात. घाबरतो. पण पुढच्या वेळी हात माझ्यापुढेच करतो. दोरभाऊ वारले तेव्हा मी नागपूरला शिकत होते; बाबांचं पोस्टकार्ड आलं तोवर सगळं आटोपलं होतं. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नागभीडच्या स्टेशनवर, शिकायला निघाले त्या दिवशी.

बाबा पोचवायला आले होते. दोरभाऊ कावड बाहेर ठेवून आले आणि खिडकीशी उभे राहिले. अरुंद रुळांवरची छोटी गाडी हलली, तशी त्यांनी खिडकीचा गज धरला आणि बाजूने चालू लागले. गाडीने वेग घेतला, ते पळू लागले. फलाट म्हणजे मुरमाचा पट्टा, आणि तो पुढे संपत होता.

"सोडा आता, भाऊ," मी म्हटलं. इतक्या वर्षांनी जिभेवर पुन्हा मानपान आला.

"हावो," ते म्हणाले, आणि पळत राहिले.

मुरूम संपायला चार पावलं होती. बाबा मागून ओरडत होते. मी गजावरच्या त्या मुठीकडे पाहिलं.

"सोड," मी म्हटलं.

"सोडलो, बाई."