आईची खातरजमा

मुलगी साडेचार वर्षांची होती तेव्हा आम्ही धायरीला भाड्याने राहायचो. मी येरवड्याला नोकरीला होते, घरी परतेपर्यंत सात वाजायचे. तोवर ती खालच्या मजल्यावर घरमालकीणबाईंकडे असायची. त्या मूळच्या धायरी गावातल्याच.

एका सोमवारी तिला घ्यायला गेले, तर रोज पायाला मिठी मारणारी मुलगी दोन पावलं मागे सरकली.

"सकाळी डब्यात काय दिलंस?"

मला खेळ वाटला. "गूळपोळी."

"मी त्यातलं काय खात नाही?"

"कडा."

मग ती आली. पण जिना चढताना तिनं माझा हात हुंगला. मंगळवारी प्रश्न वाढले. मी दिलेलं दूध तिच्या बाबानं आधी पिऊन दाखवल्याशिवाय तिनं तोंडाला लावलं नाही.

माझा पहिला संशय घरमालकीणबाईंवर. दिवसभर मूल त्यांच्याकडे. कुणी तिच्या मनात काही भरवून दिलं असेल का? मी आडून आडून विचारलं. बाईंना ते लगेच कळलं.

"माझ्याकडं काय वावगं झालं नाय, ताई. लेकरू भ्यालंय. कशाला भ्यालंय ते तिलाच इचारा."

मी ओशाळले, पण मनातली शंका काही गेली नाही. दुसऱ्या दिवशी वेणी घालताना मुलीला विचारलं. तिनं आधी आरशात माझा चेहरा नीट बघून घेतला. मग म्हणाली, "सिनेमात चेटकीण आई झाली होती. तिचा आवाजपण आईसारखाच होता."

रविवारी मी बहिणीकडे गेले होते आणि नवरा तिला घेऊन सिनेमाला गेला होता. लहान मुलांचा आहे, असं मला सांगून.

"लहान मुलांचाच आहे," तो म्हणाला. "उडता घोडा, तलवार, एक राक्षस. चेटकीण दहा मिनिटं असेल. शेवटी पोराला खरी आई सापडते."

"ते हिनं पाहिलं?"

"तेव्हा तिला शू लागली होती."

म्हणजे खोटी आई घरात शिरलेली तिनं पाहिली आणि खरी परत आलेली पाहिलीच नाही. मी नवऱ्याशी दोन दिवस कामापुरतंच बोलले. शनिवारी आम्ही तिघं पुन्हा त्याच सिनेमाला गेलो. निघताना मी तिला पाणी बेतानंच दिलं. मांडीवर घेऊन बसले आणि पडद्यावरच्या प्रत्येकावर नजर ठेवली. चेटकीण आली तेव्हा तिनं माझ्या मनगटात नखं रुतवली. अखेर गुहेतून खरी आई बाहेर आली. मी कानात म्हटलं, "ही बघ. ही खरी."

पोरगा आईला बिलगेपर्यंत ती निरखून बघत राहिली. मग विचारलं, "त्याला कसं कळलं?"

बाबा म्हणाला, "सिनेमा संपत आला होता ना, म्हणून." ती हसली नाही. मीही नाही.

घरी येऊन मी सुचवलं, आपण दोघींचा एक गुपित शब्द ठरवू. तिनं विचार केला. "चेटकिणीलापण ऐकू येतं," म्हणाली.

प्रश्न महिनाभर चालले, रोज थोडे कमी होत. मी प्रत्येकाचं उत्तर दिलं. एकदा चुकले, तिच्या बाहुलीचं नवं नाव मला माहीत नव्हतं. त्या दिवशी ती घरमालकीणबाईंच्या मांडीवरून उठायलाच तयार नव्हती. बाईंनीच मग तिचा हात धरून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुझीच हाय. मी बघितलंय."

नंतर एका संध्याकाळी ती अंगणात मातीच्या भाकऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, "थांब, आई, एवढी झाली की येते." मी पायरीवर बसले. पुढच्या दिवशीही तिनं काही विचारलं नाही.

आठव्या वर्षी असले सिनेमे तीच हट्टानं बघायला लागली. राक्षस आला की खदखदून हसायची. मी नाही म्हटलं नाही. शेजारी बसायचे, पण माझं लक्ष पडद्याकडे नसायचं. तिच्या चेहऱ्याकडे असायचं.